चाकणची मोटार, चाकणचा कांदा

शनिवार हा चाकणच्या कांद्याच्या बाजाराचा दिवस. पहाटेपासून पिकअप आणि ट्रॅक्टर गोण्या लादून बाजार समितीच्या आवाराकडे निघतात. त्याच वेळी तळेगाव चौकातून नव्याकोऱ्या मोटारी अंगाखांद्यावर घेतलेले लांबलचक ट्रेलर वळत असतात. चौकातली कोंडी ठरलेली. मग कांद्याची गाडी आणि मोटारींचा ट्रेलर एकमेकांना खेटून अर्धा-पाऊण तास उभे राहतात. मी या चौकात कितीतरी वेळा अडकले आहे आणि दर वेळी मनात तेच येतं. दोन्ही माल एकाच तालुक्यात तयार झाले. पण मोटारीला कुठे जायचं ते महिनाभर आधी ठरलेलं असतं, आणि कांद्याला आज रात्री दिल्लीत काय ठरेल याचा पत्ता नसतो.

आमच्या घरात हे दोन्ही माल आहेत. थोरला दादा खेड तालुक्यात आमची शेती करतो. कांदा, बटाटा, थोडी बाजरी. धाकटा भाऊ चाकण एमआयडीसीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. मी पुण्यात राहते, एका ऑफिसात हिशेब सांभाळते आणि कांदा विकत घेते. पिकवणारा, कारखान्यातला आणि गिऱ्हाईक, तिघंही एकाच आईची लेकरं. खाउजा (खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण), विकास, बाजार यांवरचे वाद मी वाचते तेव्हा ते मला आमच्या या तीन घरांवर घासून बघावे लागतात.

माझं म्हणणं सरळ आहे. मोकळ्या बाजाराने आणि आर्थिक वाढीने माणसाचं भलं होतं, हे मी धाकट्याच्या घरात डोळ्यांनी पाहिलं. पण हा मोकळेपणा आपण ज्याच्याकडे भांडवल होतं त्याला आधी दिला. ज्याच्याकडे विकायला फक्त शेतातला माल आहे, त्याला तो अजून मिळालेला नाही. बाजार गरिबाच्या मुळावर येतो, असं म्हणणाऱ्यांनी आधी गरिबाला बाजारात उभं राहू दिलं होतं का, ते सांगावं.

१९९१ च्या आधीचं ज्यांना आठवतं ते आता पन्नाशीच्या आसपासचे किंवा पुढचे. माझ्या वडिलांनी बजाज चेतकसाठी नंबर लावला होता. स्कूटर यायला वर्षांमागून वर्षं जायची. आकुर्डीचा कारखाना आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. बनवणारे होते, घेणारे रांगेत होते, तरी किती स्कूटर काढायच्या हे परवान्यात लिहिलेलं असायचं आणि त्यापलीकडे जायला सरकारची मंजुरी लागायची. रांगेतल्या माणसाला दिल्लीत बसलेला कोणी सांगत होता की तुला स्कूटर लागत नाही. याला आपण नियोजन म्हणत होतो.

या धीमेपणाची किंमत साध्या गणिताने कळते. स्वातंत्र्यानंतरची पहिली तीस वर्षं देशाचं उत्पन्न वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढलं. लोकसंख्या दोन टक्क्यांहून जास्त वेगाने वाढत होती. माणशी वाढ उरली सव्वा-दीड टक्का. या चालीने माणशी उत्पन्न दुप्पट व्हायला पन्नास वर्षं लागतात, म्हणजे माणसाची सगळी उमेद त्यात संपते. तीच वाढ पाच टक्के झाली तर चौदा वर्षं पुरतात. वाढीचा दर हा शब्द कोरडा वाटतो खरा, पण बापाने जे सोसलं ते लेकालाही सोसावं लागणार की नाही, हे त्या दरावर ठरतं.

१९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवायची वेळ आली. त्या अडचणीत नरसिंह राव आणि मनमोहन सिंग यांनी २४ जुलैला अर्थसंकल्प मांडला आणि त्याच दिवशीच्या औद्योगिक धोरणाने मोजके उद्योग वगळून बाकीच्यांची परवान्यातून सुटका केली. चाकणमध्ये आज जे दिसतं त्याचं मूळ त्या दिवसात आहे. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा आणि मर्सिडीज बेंझचा असे दोन कारखाने इथे सुरू झाले. बजाजच्या मोटारसायकली चाकणहून आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत गेल्या, फोक्सवॅगनच्या मोटारी मेक्सिकोला गेल्या. ज्या देशात स्कूटरसाठी रांग होती, तो देश दुचाकी बाहेर पाठवू लागला. माणसं तीच होती. त्यांच्या पायातली दोरी सोडली, एवढंच झालं.

धाकटा आयटीआय करून कंत्राटी म्हणून लागला, चार वर्षांनी कायम झाला. त्याच्या घरात पगार महिन्याच्या ठरल्या दिवशी येतो. ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यालाच कळेल. आमच्या लहानपणी पैसा हंगामाला यायचा आणि येईलच असं नसायचं. दुकानदाराची वही, सावकाराची चिठ्ठी, शाळेची फी पुढच्या महिन्यात. धाकट्याच्या मुलीला ही भीती माहीतच नाही. ती माहीत नसणं हे मला फ्रिज-टीव्हीपेक्षा मोठं वाटतं. सुख पैशात मोजता येत नाही, असं म्हणणारी बहुतेक माणसं पगारवाली असतात, हे मी पाहिलंय. रिचर्ड ईस्टरलिन या अर्थतज्ज्ञाने १९७४ मध्ये मांडलं होतं की देश श्रीमंत झाला म्हणून तिथली माणसं त्या प्रमाणात जास्त सुखी होतात असं दिसत नाही. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि उलट निष्कर्षही निघाले. मला त्या वादात शिरायचं नाही. पण उद्याची धास्ती जाणं म्हणजे काय, ते आमच्या आईला विचारावं.

आईचं एक मूल दादा आणि माझ्या मधलं. आठ महिन्यांचं होऊन गेलं. तिने त्याचं नाव आमच्यासमोर कधी घेतलं नाही, पण संक्रांतीला तिळाची एक वडी बाजूला काढून ठेवते, अजूनही. १९९१ मध्ये देशात हजार जन्मांमागे ८० बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० मध्ये तो आकडा २८ वर आला. हे बाजाराने केलं, असं मी म्हणणार नाही. लस सरकारची, नर्सबाई सरकारी, आशाताई दारोदार फिरली. केरळने हाच आकडा ६ वर आणला आणि तो काही देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांच्या रांगेत पहिला राहून नव्हे. शाळा, दवाखाना आणि बाईचं शिक्षण यांवर त्याने दोन पिढ्या आधी खर्च केला, म्हणून. तरी त्या नर्सबाईचा पगार, त्या लसीची थंड पेटी आणि पाड्यापर्यंत जाणारा रस्ता यांना पैसा लागतो, आणि तो पैसा वाढत्या उत्पन्नावरच्या करातून येतो. वाढ झाली म्हणजे बाळ आपोआप वाचत नाही. पण वाढच झाली नाही तर वाचवायची इच्छा असूनही हात रिकामे राहतात. आमच्या आईच्या वेळी ते रिकामेच होते.

आता दादाच्या घराकडे येते, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे.

याच चाकणमध्ये, मोटारींच्या कितीतरी आधी, कांद्याने देशाला एक प्रश्न विचारला होता. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः कसून पाहिल्यावर म्हणाले की शेतकरी आळशी नाही, अडाणी नाही, त्याच्या मालाला भाव मिळू दिला जात नाही. १९८० मध्ये चाकणला कांद्याचं आंदोलन झालं, पुणे-नाशिक रस्ता अडला. त्याच वर्षी नाशिकमध्ये ऊस आणि कांद्यासाठी रस्ते आणि रेल्वे रोखल्या गेल्या आणि खेरवाडीच्या गोळीबारात माणसं गेली. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही जोशींच्या शेतकरी संघटनेची घोषणा तेव्हापासून आमच्या भागातल्या भिंतींवर होती. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्या भिंतींवरून.

या चळवळीची एक गोष्ट आज सांगावीशी वाटते, कारण ती विसरली गेली आहे. १९८० च्या जानेवारीत आमच्या तालुक्यातल्या डोंगराळ वांद्रे गावापासून चाकणपर्यंत जी पदयात्रा निघाली, तिची मागणी रस्त्याची होती. कर्जमाफीची नव्हती, फुकट विजेचीही नव्हती. डोंगरातल्या खोऱ्यातून माल बाजारात नेता यावा एवढंच मागणं होतं. सरकारने जे करायचं ते करावं, रस्ता द्यावा, आणि आमच्या मालाच्या वाटेतून बाजूला व्हावं. पुढे नव्वदच्या दशकात डावे-उजवे सगळे जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या विरोधात उभे असताना जोशींनी खुल्या बाजाराचं समर्थन केलं. सरकार शेतकऱ्याला सबसिडी देत नाही, उलट त्याच्याकडून काढून घेतं, त्याला उणे सबसिडी आहे, हे ते आकडे मांडून सांगत. तेव्हा अनेकांना ते टोकाचं वाटलं. २०१८ मध्ये ओईसीडी ही प्रामुख्याने श्रीमंत देशांची संघटना आणि इक्रिअर ही दिल्लीची संशोधन संस्था यांचा अभ्यास आला. खतं, वीज, हमीभाव सगळं जमेला धरूनही २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के भरला. निर्यातीवरच्या बंधनांनी आणि देशांतर्गत बाजारावरच्या निर्बंधांनी त्याचा जो भाव पाडला, तो त्याला दिलेल्या सगळ्या मदतीपेक्षा मोठा होता.

कांद्याच्या बाबतीत हे कसं होतं ते तारखांवरून बघा. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ ला उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ ला शुल्क काढलं. साडेपाच वर्षांत नियम इतक्या वेळा फिरला. कांद्याचं पीक रोपापासून काढणीपर्यंत पाच-सहा महिने घेतं. रोप टाकताना जो नियम होता तो काढणीला असेल, असं एकाही हंगामात छातीठोकपणे सांगता आलं नाही.

यातला सप्टेंबर २०२० चा आठवडा तर मला अजून सलतो. १४ तारखेला कांद्याची निर्यात बंद झाली आणि १५ तारखेला लोकसभेने १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती मंजूर केली, ज्यात कांद्यासारख्या मालावरची साठ्याची बंधनं फक्त असाधारण परिस्थितीपुरती ठेवायची होती. शेतकऱ्याला बाजारस्वातंत्र्य देतो असं एका दिवशी सांगायचं आणि ते आदल्या दिवशीच काढून घेतलेलं असायचं. ऑक्टोबरमध्ये व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादाही आली. पुढे ही दुरुस्ती धरून झालेल्या तीन कृषी कायद्यांवर पंजाब-हरियाणाचे शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले आणि कायदे मागे घेतले गेले. तिथल्या गहू-तांदूळवाल्यांची कारणं वेगळी होती. पण आमच्याकडच्या कांदावाल्याने त्या कायद्यांवर विश्वास का ठेवला नाही, याचं उत्तर त्या एका आठवड्यात आहे.

७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने दुसऱ्या दिवसापासून बंदी लागू झाली. तो शुक्रवार होता. दादाच्या अंगणात हळव्या कांद्याच्या गोण्या शिवून रचलेल्या, शनिवारच्या बाजारासाठी पिकअप सांगितलेली. बातमी मोबाइलवर आली तेव्हा मी तिथेच होते. वहिनी हातातली सुतळी तशीच धरून म्हणाली, "मग उद्या न्यायचा का ठेवायचा?" दादा म्हणाला, "हळवा हाय, ठेवून काय करू?" गरवा कांदा उन्हाळ्यात काढून बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, चार-सहा महिने ठेवता येतो. हळव्याला ती सोय नाही, तो काढला की विकावाच लागतो. बंदी घालणाऱ्याला हा फरक माहीत असेल किंवा नसेल. माहीत असेल तर ते जास्त वाईट. त्या रात्री दादाने गोण्यांवर हात फिरवला तो मला आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा दिसला. माल काल होता तोच होता, आणि रातोरात तो कमी मोलाचा झाला होता.

लोक म्हणतात, भाव वर-खाली होणं हा बाजाराचा धर्मच आहे. मीही एकदा दादाला तेच म्हटलं. "वर जाऊ द्या म्हणतोस, तर खाली आल्यावर ओरडायचं नाही." तो म्हणाला, "वर जायचं तोडलं नसतं, तर खाली आल्यावर तग धरला असता." या एका वाक्यात सगळं आहे. कांद्याची शेती तीन वाईट वर्षं एका चांगल्या वर्षावर काढते. आपण काय करतो? चांगल्या वर्षाचा शेंडा खुडतो आणि वाईट वर्षाचं मूळ तसंच ठेवतो. भाव शंभरावर गेला की सरकार धावतं. भाव रुपयावर आला की तो बाजार असतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १०६४ रुपये मिळाले, ते त्याने पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापुरात ५१२ किलो कांदा विकून, हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा जाऊन, दोन रुपयांचा चेक मिळाला. त्या वेळी कोणती अधिसूचना रातोरात निघाली?

मोटारीचं असं कधी होत नाही. पुण्यात मोटारी महाग झाल्या म्हणून चाकणची निर्यात बंद करा, असं कोणी सुचवलं तर त्याला वेड्यात काढतील, आणि ते बरोबरच आहे. बाहेरच्या गिऱ्हाइकाला आज देतो उद्या देत नाही, असं दोनदा केलं की तो तिसऱ्यांदा येत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या होत्या की तुम्ही कांदा बंद केलात, मी स्वयंपाक्याला सांगितलं आता कांद्याशिवाय करा, निदान आधी सांगायचं होतं. शेजारच्या देशाच्या पंतप्रधानांनी केलेली ही मागणी आणि माझ्या वहिनीची मागणी एकच आहे: आधी सांगा.

यावर मला पुण्यातल्या मैत्रिणी विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे: गरीब गिऱ्हाइकाचं काय? धुणीभांडी करणारीने शंभर रुपये किलोचा कांदा कसा घ्यायचा? घेऊ नये, असं मी म्हणत नाही. पण ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन एक टक्काही नाही. घरभाडं, दवाखाना आणि मुलांच्या शिकवण्या तिला कांद्यापेक्षा किती पटींनी जास्त जाळतात, आणि त्यावर रातोरात अधिसूचना निघत नाही. तिला मदत करायचीच असेल, आणि करावीच, तर तिच्या हातात पैसे द्या, रेशनवर द्या, आणि ते सरकारच्या तिजोरीतून द्या. आज तिची मदत दादाच्या खिशातून होते. दादा तिच्यापेक्षा श्रीमंत आहे, हे कोणी तपासलं? शिवाय त्याच अधिसूचनेचा फायदा मलाही होतो, आणि माझ्याहून दहापट कमावणाऱ्यालाही. शहरातल्या सगळ्यांना स्वस्त कांदा पुरवायची जबाबदारी अडीच-तीन एकरवाल्याने घ्यावी, ही कुठली करुणा?

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. मोकळं सोडलं तर व्यापारी लुटतील. लुटतात, आजही लुटतात. लिलावात ठरावीक चेहरे असतात, एकाने बोली लावली की दुसरा गप्प बसतो, हे आवारात उभं राहिलेल्या कोणालाही दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासानुसार गिऱ्हाइकाच्या रुपयातले सुमारे ३६ पैसे कांदा पिकवणाऱ्याला मिळतात. पण हे जास्त बाजारामुळे झालं की कमी बाजारामुळे? १९६३ च्या बाजार समिती कायद्याने शेतकऱ्याला सावकाराच्या वजनकाट्यातून सोडवलं, हे खरं, आणि ते मोठं काम होतं. पुढे त्याच आवाराच्या भिंती उंच झाल्या. परवाना मूठभरांना, गाळे मूठभरांना, आणि माल तिथेच आणायची सक्ती. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बाहेर विकायची मुभा दिली आणि आडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा व्यापारी संपावर गेले. कुंपण कोणाच्या फायद्याचं होतं, ते त्या संपाने सांगितलं.

कुंपण नसलं की काय होतं, तेही नाशिकनेच दाखवलं आहे. द्राक्ष जीवनावश्यक वस्तूंत नाही. द्राक्ष महागलं म्हणून सरकार पडत नाही, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. नाशिकच्या शेतकऱ्याने ते युरोपात नेलं. २०१० मध्ये एका रसायनाचा अंश सापडला म्हणून तिकडे माल अडकला, मोठा फटका बसला. पण गिऱ्हाइकाचा नियम समजल्यावर शेतकऱ्यांनी फवारणीच्या नोंदी ठेवल्या, अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या देखरेखीखाली प्रत्येक बागेची नोंदणी आणि तपासणी घट्ट झाली, आणि माल पुन्हा गेला. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची कंपनी त्याच मातीत उभी राहिली. द्राक्षवाल्याचं सगळं बरं चाललंय असं नाही, एका अवकाळीने बाग जाते. पण तो पावसाशी झगडतो. कांदावाल्याला पाऊस आणि राजपत्र, दोन्हींशी झगडावं लागतं.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी मला भांडायचं आहे. बाजार मोकळा केला की सगळं सुटेल असं सांगणारे आमच्या तालुक्यात येऊन बघत नाहीत. ज्या एमआयडीसीच्या जोरावर धाकट्याचं घर उभं राहिलं, तिची जमीन मोकळ्या बाजारात विकली गेली नव्हती. १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याखाली ती घेतली गेली. विकणाऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती, भाव सरकारने ठरवला. शेतकऱ्याचा माल बाजारात जाऊ द्यायचा नाही आणि त्याची जमीन बाजाराविना काढून घ्यायची, आणि यालाच खुली अर्थव्यवस्था म्हणायचं! देशाचा १८९४ चा भूसंपादन कायदा बदलायलाही २०१३ साल उजाडावं लागलं. ज्यांना नंतर चांगले पैसे मिळाले त्यांना लोक गुंठामंत्री म्हणून हसतात. मला हसू येत नाही. चाळिशीतल्या माणसाच्या हातात एकरकमी पैसा आला आणि त्याला येणारं एकमेव काम गेलं. आमच्या शेजारच्या वस्तीतल्या अशाच एका घरात आता अंगणात मोठी गाडी आहे, आणि दिवसभर दारात बसून राहणारा माणूस आहे.

आणि दवाखाना. दोन वर्षांपूर्वी दादाला छातीत दुखायला लागलं. पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. काउंटरवर बसलेल्या मुलीने आगाऊ रकमेचा आकडा सांगितला तेव्हा वहिनीने आधी माझ्याकडे आणि मग गळ्यातल्या पोतीकडे बघितलं. इथे कसला बाजार? दुसरीकडे भाव विचारायला वेळ नाही, काय विकत घेतोय ते कळत नाही, आणि नको म्हणणं म्हणजे मरण. बाजार चालायला विकत घेणाऱ्याला उठून जाता आलं पाहिजे. स्ट्रेचरवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. चांगल्या वर्षाच्या कांद्याचा सगळा पैसा त्या नऊ दिवसांत गेला. विदर्भातल्या कापूसवाल्याच्या घरात हेच एका आजारपणाने, एका कोरड्या विहिरीने होतं. त्यामुळे दवाखाना, पाणी, शाळा आणि दुष्काळातलं काम या चार ठिकाणी मला सरकार हवं आहे, आजच्यापेक्षा किती तरी जास्त. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, तिने आमच्या आजीच्या घरात चूल पेटती ठेवली. आजी खडी फोडायला गेली होती आणि ते ती अभिमानाने सांगायची, कारण ते काम होतं. तिथे सरकारने हात दिला. कांद्याच्या बाबतीत ते आमचा हात अडवून धरतं.

माझी मागणी मोठी नाही. निर्यातीचा नियम लागवडीआधी जाहीर करा आणि माल विकला जाईपर्यंत बदलू नका. शहराला स्वस्त कांदा द्यायचा असेल तर सरकारने इतरांसारखं लिलावात उभं राहून, चालू भावाने घ्यावा आणि तोटा स्वतः सोसावा. लिलावात नवा खरेदीदार येऊ द्या. बराखीला आणि शीतगृहाला पैसे घाला, कारण बराखीतला तिसरा हिस्सा सडतो किंवा सुकतो आणि त्याचं नुकसान पिकवणारा आणि खाणारा दोघांनाही होतं. यातलं काहीही क्रांतिकारक नाही. मोटारवाल्यांना यातलं बहुतेक सगळं तीस वर्षांपूर्वी मिळालं आहे.

मागच्या मे महिन्यात आम्ही तिघं भावंडं गावी होतो. दादा बराख भरत होता. पात कापलेला गरवा कांदा पाट्यांनी आत जात होता. बारीक गोल्टी वेगळी, खराब बदला वेगळा. आई खाली बसून एकेक कांदा दाबून बघत होती. तिचं बोट मऊ कांदा डोळ्यांआधी ओळखतं. धाकटा सुट्टीवर होता आणि पाट्या उचलत होता. दादाने त्याला विचारलं, "तुमच्या कंपनीला माल किती लागणार ते कधी कळतं रं?" धाकटा म्हणाला, "तीन महिन्यांचं शेड्यूल येतं. वर्षाचा अंदाज पण देतात." दादाने मान हलवली, पाटी घेतली, आत ओतली. बाहेर येऊन आईला म्हणाला, "दिवाळीपर्यंत ठेवू," आणि मग थोडं थांबून, "का जुलैलाच काढू?" आईने हातातला कांदा पुन्हा एकदा दाबून पाहिला.